गोळ्या आयुष्यभर, की गोळ्यांशिवाय किडनी? ठरवण्याआधी दाता कोण ते पाहा

एचएलए टायपिंगचा रिपोर्ट हातात आला की घरातले सगळे आधी शेवटची ओळ शोधतात. क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का ती चाचणी, निगेटिव्ह आहे ना, बस्स. मीही तेच केलं होतं. सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाला किडनी दिली तेव्हा त्या कागदावरचा वरचा तक्ता मी धड पाहिलाही नव्हता. ए, बी आणि डीआर अशी तीन नावं, प्रत्येकापुढे दोन-दोन आकडे, एका रकान्यात त्याचे, दुसऱ्यात माझे. सहापैकी तीन सारखे. अर्धं मॅच. डॉक्टर ‘छान आहे’ म्हणाले आणि कागद फायलीत गेला.

गेल्या महिन्यात माझ्या आतेभावाचा रिपोर्ट आला. त्याला त्याचा सख्खा धाकटा भाऊ किडनी देतोय आणि दोघांचे सहाच्या सहा आकडे जुळलेत. वहिनीने त्या कागदाचा फोटो पाठवला, मागोमाग एक व्हिडिओ. अमेरिकेतला एक माणूस सांगतोय की किडनी बदलून वर्षं झाली, पण तो एकही गोळी घेत नाही. खाली वहिनीचा प्रश्न: ‘ताई, आपल्याकडे होईल का हे? थांबायचं का त्यासाठी?’

तिला फोनवर जे सांगितलं ते विस्ताराने इथे लिहिते. घरातलाच दाता तयार आहे, ऑपरेशनची तारीख अजून ठरलेली नाही आणि हा व्हिडिओ पोहोचलाय, अशा घरांसाठी. मी डॉक्टर नाही, दाती आहे. सहा वर्षं हा विषय वाचत आणि डॉक्टरांना विचारत आले, आणि भावाच्या गोळ्यांचा डबा रोज पाहत आले.

मुळात भांडण कशाचं आहे

शरीराची प्रतिकारशक्ती पेशींवरची एचएलएची खूण तपासते. आपली खूण दिसली तर सोडून देते, परकी दिसली तर हल्ला करते. हुबेहूब (आयडेंटिकल) जुळ्या भावंडांची खूण तंतोतंत एक असते. म्हणून २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये सर्जन जोसेफ मरी यांनी अशाच एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली तेव्हा ती गोळ्यांशिवाय चालली. बाकी सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागली, ती आजही लागतात.

दुसरी वाट त्याच्याही आधी दिसली होती, तीही गोठ्यात. १९४५ मध्ये रे ओवेन यांच्या लक्षात आलं की गाईच्या पोटात एकच वार वाटून घेतलेल्या जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी जन्मभर राहतात. पुढे पीटर मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये उंदरांवर दाखवलं की जन्माआधीच परक्या पेशींशी ओळख करून दिली, तर मोठेपणी त्याच दात्याची त्वचा अंगावर टिकते. याला म्हणतात इम्यून टॉलरन्स, मराठीत सहनशीलता. प्रतिकारशक्ती दबलेली नसते. जंतूंशी ती लढतेच, फक्त त्या एका दात्याला परकं मानत नाही.

म्हणजे एका वाटेवर पहारेकऱ्याला रोज गुंगी द्यायची आणि दुसऱ्या वाटेवर त्याला एकदाच पाहुण्याची ओळख करून द्यायची. ऐकायला दुसरी कुणालाही आवडेल. पण मोठ्या माणसाच्या शरीराला नवी ओळख करून द्यायची, तर आधी जुनी ओळख बरीचशी पुसावी लागते. अडचण आणि धोका दोन्ही तिथे आहेत.

गोळ्यांची वाट जवळून

भावाच्या घरी सकाळी आठला आणि रात्री आठला मोबाइल वाजतो. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं प्रेडनिसोलोन हे त्रिकूट. रक्त तपासायच्या दिवशी सकाळची टॅक्रो न घेता लॅबमध्ये जायचं, कारण गोळीच्या अगदी आधीची पातळी मोजायची असते. एकदा तो सवयीने गोळी घेऊन गेला, लेव्हल वर आली, डोस कमी केला गेला आणि पुढच्या आठवड्यात क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनीचं काम मंदावल्याची खूण. सुदैवाने खरी गडबड वेळेत कळली. तेव्हापासून त्या सकाळी त्याची बायको गोळ्यांचा डबा स्वतःच्या पर्समध्ये ठेवते.

पहिल्या वर्षी त्याचे हात इतके थरथरायचे की बशीतला चहा सांडायचा. डोस कमी झाला तसं ते थांबलं. साखर मात्र चढली ती चढलीच. टॅक्रो आणि स्टेरॉइड मिळून नव्याने मधुमेह होणं ही या वाटेवरची नेहमीची गोष्ट आहे. रक्तदाबही वाढतो. आपल्याकडे क्षयाची भीती वेगळीच, कारण क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात निपचित असतात आणि प्रतिकारशक्ती दबली की उठतात. सीएमव्ही आणि बीके हे विषाणू असेच. जिवंत विषाणूंच्या लसी टाळाव्या लागतात. मूल हवं असेल तर मायकोफेनोलेट आधी बदलून घ्यावं लागतं. ग्रेपफ्रूट बंद, त्याचं जवळचं भावंड पपनसही बंद. कोकणातून पपनस आलं की आमच्याकडे ते शेजारी जातं.

आणखी एक टोचणारी गोष्ट. जी टॅक्रो किडनी वाचवते, तीच वर्षानुवर्षं घेतल्याने किडनीला इजाही करते. जिवंत दात्याची किडनी सरासरी पंधरा-वीस वर्षं चालते. पस्तिशीच्या माणसासाठी हा हिशेब पुरत नाही, दुसऱ्या ट्रान्सप्लांटचा विचार आजच डोक्यात ठेवावा लागतो.

पण या वाटेचं पारडं हलकं समजू नका. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाला अमेरिकेत १९८३ मध्ये मान्यता मिळाली आणि ट्रान्सप्लांटचं चित्र पालटलं. जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या जंतूत १९८४ मध्ये सापडलेली टॅक्रोलिमस नव्वदच्या दशकात आली आणि ते आणखी सुधारलं. जिवंत दात्याच्या किडन्यांपैकी शंभरात पंच्याण्णवहून अधिक आज पहिलं वर्ष पार करतात. औषधं गावोगावी मिळतात, लेव्हल तपासणाऱ्या लॅब मिळतात आणि गडबड झाली तर काय करायचं ते हजारो डॉक्टरांना माहीत आहे. माझा भाऊ रोज सकाळी सात किलोमीटर चालतो.

टॉलरन्सची वाट: तीन केंद्रं, तीन स्वभाव

तिन्ही ठिकाणी कल्पना एकच: किडनीबरोबर त्याच दात्याच्या अस्थिमज्जेतल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशीही द्यायच्या. त्या रुग्णाच्या शरीरात नांदू लागल्या की रक्त दोन माणसांचं मिळून तयार होतं. याला काइमेरिझम म्हणतात. पण त्या किती नांदतात आणि त्यासाठी रुग्णाला किती सोसावं लागतं, यावर तिन्ही वाटा फुटतात.

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला सॅम्युएल स्ट्रोबर यांनी आयुष्य या कामात घातलं. ते २०२२ मध्ये गेले. त्यांच्या पद्धतीत किडनी आधी बसते. पुढच्या दिवसांत लसिका ग्रंथी, प्लीहा आणि थायमसवर किरणोत्साराचे दहा छोटे डोस देतात, सोबत टी-पेशी, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पेशी, कमी करणारं एटीजी हे औषध. अकराव्या दिवशी दात्याच्या मूळपेशी शिरेतून सोडतात. त्या दात्याकडून आधीच घेऊन गोठवून ठेवलेल्या असतात. दात्याला काही दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि मग यंत्रातून रक्त फिरवून पेशी वेगळ्या करतात. सहा महिन्यांनंतरही मिश्र रक्त टिकलं तर गोळ्या उतरवत नेतात. पूर्ण मॅच असलेल्या भावंडांच्या २९ जोड्यांपैकी २४ रुग्णांच्या गोळ्या अशा थांबवता आल्या. या पद्धतीवर आधारलेली एमडीआर-१०१ ही उपचारपद्धती पुढे तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत गेली. पेशी मिळालेल्या २० पैकी १९ जणांच्या गोळ्या बंद झाल्या आणि १५ जण दोन वर्षांहून जास्त काळ गोळ्यांशिवाय राहिले. वहिनीने पाठवलेल्या व्हिडिओतला माणूस बहुधा अशाच जोडीतला असावा, कारण तो भावाचं नाव घेतो.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डेव्हिड सॅक्स, बेनेडिक्ट कोसिमी आणि तात्सुओ कवाई यांच्या गटाने अवघड घराचं दार ठोठावलं: अर्धं मॅच असलेले दाते, म्हणजे माझ्यासारखे. इथे आधी सायक्लोफॉस्फामाइड आणि थायमसवर किरणं, मग एकाच दिवशी किडनी आणि मज्जा. दात्याची मज्जा त्याच भुलीत कमरेच्या हाडातून काढतात. दात्याच्या पेशी इथे काही आठवडेच राहतात, मग निघून जातात, आणि तरीही काही जणांत किडनी स्वीकारलेली राहते. त्यांनी २००८ मध्ये पहिल्या पाच रुग्णांची माहिती छापली. चौघांच्या गोळ्या थांबल्या होत्या. पाचव्याची किडनी प्रतिपिंडांच्या हल्ल्याने गेली, त्याला दुसरी बसवावी लागली. पुढे दहांपैकी सात जणांच्या गोळ्या काही वर्षं थांबल्या, पण त्यातल्या काहींना नंतर पुन्हा सुरू कराव्या लागल्या. मज्जा परत येताना, साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास, अंगावर सूज येऊन नवी किडनी तात्पुरती आजारी पडण्याचा त्रासही या पद्धतीत दिसला.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये जोसेफ लेव्हेन्थल आणि लुइव्हिलच्या सुझॅन इल्डस्टाड यांची पद्धत सर्वांत धाडसी. न जुळणारा दाताही चालेल, असं त्यांनी मांडलं. तयारीसाठी केमोथेरपी आणि सर्व शरीरावर हलका किरणोत्सार, मग खास प्रक्रिया केलेल्या पेशी. दात्याचं रक्त रुग्णात जवळजवळ पूर्ण रुजतं. ३७ पैकी २६ जणांच्या गोळ्या थांबल्या, आणि न जुळणाऱ्या दात्यांचा समावेश असताना हा आकडा मोठाच आहे. पण पूर्ण रुजलेलं परकं रक्त कधी उलटतं आणि रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतं. याला जीव्हीएचडी म्हणतात. त्या गटात दोघांना तो झाला, एकाचा जीव गेला. पुढच्या टप्प्याच्या चाचणीतही अशा कारणाने मृत्यू झाला आणि रुग्ण मिळण्याचा वेग मंद असल्याने चाचणी चालवणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये ती थांबवली.

इथे मी वहिनीला फोनवर थांबवून सांगितलं, हे वाक्य दोनदा ऐक. गोळ्यांनी साखर चढते, क्षय होऊ शकतो, पण त्यावर उपाय आहेत. जीव्हीएचडी बळावला तर उपाय फार थोडे उरतात. स्टॅनफर्डच्या पूर्ण मॅच गटात तो दिसला नाही, हे त्या पद्धतीच्या बाजूचं मला सर्वांत मोठं कारण वाटतं.

आपल्या घरातला दाता कोण असतो

हा भाग व्हिडिओत येत नाही आणि सगळा निर्णय इथेच अडतो.

सख्ख्या भावंडांत पूर्ण मॅच होण्याची शक्यता चारात एक. अर्धं मॅच चारात दोन, काहीच न जुळण्याची चारात एक. आई-वडिलांशी मूल अर्धं जुळतंच. नवरा-बायको सहसा जुळत नाहीत. आता आपल्याकडच्या ट्रान्सप्लांट वॉर्डाबाहेरचा बाक आठवा. तिथे बसलेली दाती कोण असते? बहुतेक वेळा आई किंवा बायको. भारतात जिवंत दात्यांत बायकाच जास्त, हे आता सर्वांना ठाऊक आहे. कायद्याने आई-वडील, मुलं, भावंडं, जोडीदार, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातलग मानलेत, त्यामुळे बायकोची किडनी घेण्यात कायद्याची अडचण नाही. पण टॉलरन्सचं सर्वांत चांगलं यश आहे ते पूर्ण जुळणाऱ्या भावंडांत.

स्टॅनफर्डनेही अर्ध्या जुळणाऱ्या जोड्यांवर प्रयत्न केला. मिश्र रक्त काही जणांत टिकलं, पण गोळ्या पूर्ण काढायला गेल्यावर ते ओसरलं आणि रिजेक्शन आलं, म्हणजे शरीर किडनी नाकारू लागलं. रुग्णांना एकट्या टॅक्रोवर आणता आलं, एवढंच हाती लागलं. कमी गोळ्या हाही फायदाच आहे, पण ‘गोळ्या बंद’ ही वेगळी गोष्ट.

आणि ज्यांची सहाही जुळतात, त्यांना रिजेक्शनचा धोका मुळातच कमी असतो. त्यांच्या गोळ्या नेहमीच्या वाटेनेही कमी ठेवता येतात आणि किडनी दीर्घकाळ टिकते. म्हणजे ज्याची गरज सर्वांत कमी त्याच्यासाठी हे विज्ञान सर्वांत पुढे आहे, आणि बायकोची किडनी घेणाऱ्या, गोळ्यांचं ओझं सर्वांत जास्त वाहणाऱ्या माणसासाठी सर्वांत मागे. हे कळल्यावर मी बराच वेळ काही वाचू शकले नव्हते. माझ्या भावाचा विचार डोक्यात होता.

ज्यांच्या अंगात आधीच प्रतिपिंडं तयार झालेली आहेत, म्हणजे वारंवार रक्त चढवलेलं किंवा बाळंतपणं झालेली, ते बहुतेक चाचण्यांत बसत नाहीत. मूळ आजार नव्या किडनीत परत येणारा असेल, उदाहरणार्थ एफएसजीएस (किडनीतल्या गाळण्यांवर व्रण पाडणारा आजार), तर टॉलरन्स मिळूनही आजार येऊ शकतो. आणि केमोच्या औषधांनी मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, हे तरुण जोडप्यांनी आधीच विचारायला हवं.

जिथे मज्जा तशीही बदलायचीच असते

काही थोड्या रुग्णांत मात्र पारडं उलटं झुकतं. मायलोमासारख्या रक्ताच्या कर्करोगाने किडनी गेलेल्यांना मज्जेचीही गरज असते. बॉस्टनमध्ये १९९८ मध्येच अशा रुग्णाला भावंडाची किडनी आणि मज्जा एकत्र दिली गेली. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या अॅलिस बर्टाइना यांच्या गटाने एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या तीन मुलांची माहिती छापली. आधी आई किंवा वडिलांच्या, म्हणजे अर्ध्या जुळणाऱ्या, पेशी खास गाळून दिल्या, काही महिन्यांनी त्याच पालकाची किडनी. तिघांच्याही गोळ्या थांबल्या. या मुलांची प्रतिकारशक्तीच जन्मतः कमकुवत असल्याने मूळपेशींचा उपचार त्यांना हवाच होता. अर्ध्या मॅचच्या आईसाठी मला इथे खरी आशा दिसते, पण धडधाकट प्रतिकारशक्तीच्या मोठ्या माणसाला एवढी तयारी सोसायला लावायची का, हा प्रश्न शिल्लक आहे.

यकृताचं गणित निराळं. ते स्वभावानेच सहनशील. आई-वडिलांच्या यकृताचा तुकडा मिळालेल्या, निवडक २० मुलांपैकी १२ जणांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत थांबवता आल्या, असं २०१२ मध्ये अमेरिकेत दिसलं. ते उदाहरण किडनीला लावू नका.

मज्जेला हात न लावता नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी, वाढवून देण्याचाही मार्ग आहे. याच पेशींच्या शोधासाठी २०२५ चं नोबेल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना मिळालं. युरोप-अमेरिकेच्या ‘वन स्टडी’ नावाच्या चाचणीत या आणि अशा पेशी किडनीच्या रुग्णांना दिल्या तेव्हा काहींना एका औषधावर आणता आलं. धोका कमी, फळही अजून कमी.

आपल्या शेजारी अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी कॅनडातली प्रॅक्टिस सोडून उभ्या केलेल्या संस्थेत दात्याच्या मज्जेतल्या आणि चरबीतल्या पेशी देण्याचं काम अनेक वर्षं झालं. बऱ्याच रुग्णांना कमी औषधांवर ठेवता आलं, असं तिथल्या डॉक्टरांनी मांडलं. साधनं मर्यादित असताना, सरकारी रुग्णालयाच्या आवारात त्यांनी हा प्रश्न हाती घेतला, याचा मला फार आदर वाटतो. पण इतर केंद्रांनी उचललेला नेहमीचा उपचार तो झाला नाही.

मग थांबायचं का?

नाही. वहिनीला मी पहिलं उत्तर हेच दिलं.

टॉलरन्स आजघडीला चाचण्यांच्या चौकटीत आहे. त्याची तयारी ट्रान्सप्लांटच्या सोबतच होते, त्यामुळे ‘आत्ता नेहमीचं करू, पुढे बघू’ म्हटलं तर ती संधी बहुधा जाते, हे खरं. पण त्यासाठी डायलिसिसवर थांबणं महागात पडतं. दर महिन्याला हृदय थकतं, शिरा खराब होतात. आतेभावाची फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, एकदा बंद पडून झाली आहे. परदेशात राहणारं पूर्ण मॅचचं कुटुंब असेल, तिथल्या मोठ्या केंद्रात चाचणी सुरू असेल, मूळ आजार परतणारा नसेल, वय चाळिशीच्या आत असेल, तर मात्र मी म्हणेन की ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एकदा तिथे जाऊन विचारा. अर्ध्या मॅचच्या माणसाला मी आज हा सल्ला देणार नाही. बायकोची किडनी घेणाऱ्याला तर नाहीच.

आणि ज्यांचं ट्रान्सप्लांट झालंय त्यांच्यासाठी एकच गोष्ट, हात जोडून. जगात काही मोजके लोक स्वतःहून गोळ्या सोडूनही तरले आहेत, त्यांच्या कहाण्या फिरत असतात. ते कोण असतील हे आधी भरवशाने सांगणारी तपासणी नाही. आमच्याच डायलिसिसच्या ओळखीतल्या एका दादांनी बरं वाटतंय म्हणून चार महिने गोळ्या थांबवल्या. ते आता पुन्हा आठवड्यातून तीनदा खुर्चीवर असतात. किडनी त्यांच्या आईची होती.

आतेभावाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय, नेहमीच्याच पद्धतीने. वहिनीला मी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून पाठवले. सहाही जुळत असताना स्टेरॉइड लवकर काढता येईल का? टॅक्रोची लेव्हल वर्षानंतर किती खाली ठेवणार? क्षयाची तपासणी आधी झाली का? मूळ आजाराचं नाव बायोप्सीत नक्की काय आलं होतं? शेवटच्या प्रश्नावर तिचा लगेच फोन आला. बायोप्सी झालीच नव्हती, किडन्या लहान झाल्यावरच आजार कळला होता. मग आम्ही दोघींनी मिळून जुन्या फायली काढल्या आणि पहिल्यांदा लघवीत प्रथिनं कधी दिसली ते वर्ष शोधत बसलो.